जिमखाना फी पोरींकडूनही घेता, मग मैदान पोरांचंच कसं?

तापीकाठचा

राम राम मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी कामाला पुण्यात, घर जळगाव जिल्ह्यात तापीच्या काठी. लहान बहीण बारावीला, तालुक्याच्या गावी कॉलेजात जाते. १५०० आणि ३००० मीटर पळते. मागच्या वर्षी जिल्ह्यावरून नाशिक विभागाला गेली होती, त्यामुळे हौस म्हणून पळते असं कोणी म्हणू नका.

कॉलेजचं मैदान चांगलं मोठं आहे, चुन्याने ट्रॅक पण आखतात, पण चार वाजले की तिथं क्रिकेट आणि कबड्डीची पोरं. ही पळायला गेली की मध्येच बॉल येतो, कमेंट येतात, मग सरच म्हणतात बेटा तू सकाळी घरीच प्रॅक्टिस करत जा. घरी म्हणजे कुठं हो? पहाटे पाचला अंधारात, केळीच्या ट्रकांच्या बाजूने? पोरांच्या टीमला ट्रॅकसूट आणि बूट मिळाले, मुलींना स्पर्धेच्या दिवशी टीशर्ट, ते पण धुऊन परत जमा करायचे. मुलींची खो-खोची टीम तर तालुका स्पर्धा आठवड्यावर आली की वर्गावर्गात फिरून "कोण येतं गं" करत गोळा करतात, मग पहिल्याच मॅचला हरतात आणि वर्षभर ऐकून घेतात.

सरांना फोन केला. माणूस वाईट नाही, पण काय म्हणाले तर "अरे मुलींच्या एन्ट्रीच कमी असतात, तिला तसंही मेडल मिळतंच, कशाला टेन्शन घेतो". म्हणजे तिने पळून काढलेलं मेडल पण फुकटचं. डोकंच फिरलं.

मग फीची पावती काढून बघितली. जिमखाना फी मुलगा असो मुलगी असो, सारखीच. ती घेताना कोणी म्हणत नाही की ताई तुमची एन्ट्री कमी आहे, तुम्ही अर्धीच द्या.

आता विचारायचं हे की तक्रार नेमकी कुणाकडे करायची, आणि ती करताना बहिणीला त्रास होणार नाही हे कसं बघायचं, कारण प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात. अमेरिकेत म्हणे यासाठी कायदा आहे, आपल्याकडे तसं काही आहे का? आणि वडील म्हणतात "एक वर्ष राहिलं, कशाला वाकडं घ्यायचं", तर त्यांना काय उत्तर देऊ ते पण सांगा.

रिटायर_पीटी_मास्तर

भो, यामा नवीन काहीच नही शे. पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

माझी सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात झाली, शाळा आणि ज्युनिअर कॉलेज दोन्हीकडे शिट्टी फुंकली, म्हणून आतून काय चालतं ते सांगतो. क्रीडाशिक्षक बहुतेक ठिकाणी एकच असतो. त्याच्याकडे परीक्षेचं सुपरव्हिजन, झेंडावंदनाची परेड, निवडणूक आली की ती ड्युटी. ऑगस्टपासून तालुक्याच्या स्पर्धा सुरू, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, चौदा सतरा एकोणीस असे तीन वयोगट, प्रत्येकात मुलं वेगळी मुली वेगळ्या. कागदावर मुलींची बाजू पूर्ण आहे बरं का, पोरांचे जवळपास सगळे खेळ पोरींनाही आहेत. भेदभाव नियमात शोधाल तर सापडायचा नाही. तो मैदानाच्या वेळेत आहे, बुटात आहे, आणि मुलींच्या टीमबरोबर जायला मॅडम मिळत नाही तिथं आहे.

ही मॅडमची भानगड कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मुलींची टीम बाहेरगावी न्यायची तर सोबत बाई शिक्षिका पाहिजे, आणि ते बरोबरच आहे. पण खेळाची मॅडम नसतेच, मग विज्ञानाच्या नाहीतर मराठीच्या मॅडमला गळ घालायची, त्यांचं घर, त्यांची लेकरं, रात्री परत यायला उशीर, आणि प्रवासभत्ता कधी निघेल त्याचा पत्ता नाही. त्या नाही म्हणाल्या की टीम कॅन्सल. पोरी तयार, एन्ट्री भरलेली, आणि गाडी निघाली नाही असं मी स्वतः बघितलेलं आहे. पोरांच्या टीमला ही अडचण कधीच येत नाही, मी एकटा वीस पोरं घेऊन काळीपिवळीत बसलो की झालं.

दुसरं म्हणजे ढाल. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ढाली मांडलेल्या असतात, संस्थेच्या चेअरमनला कबड्डीची ढाल दिसते, मुलींच्या ३००० मीटरचं सर्टिफिकेट दिसत नाही. पैसा ढालीच्या मागे जातो. आपल्याकडे लग्नात बायका शेवटच्या पंगतीला बसतात तसं आहे हे, अन्न संपलं असं कोणी म्हणत नाही पण जिलबी तेवढी पुढच्या पंगतीतच संपलेली असते.

आता "एन्ट्री कमी म्हणून मेडल सोपं" याबद्दल. एन्ट्री कमी कारण आम्हीच गोळा करत नाही. वर्षभर मैदान द्यायचं नाही, आठ दिवस आधी वर्गात फिरायचं, आणि मग म्हणायचं पोरींना आवड नाही. मी पण सुरुवातीच्या काळात जिथं काम केलं तिथं हेच चालायचं आणि कोणाला त्यात गैर वाटायचं नाही.

काय करायचं? "समानता" हा शब्दच वापरू नका, प्राचार्य लगेच भाषण देतात. मैदानाचं वेळापत्रक मागा. कोणत्या वारी, किती ते किती, कोण. लेखी. बहुतेक ठिकाणी असं वेळापत्रक नसतंच, जो आधी आला त्याचं मैदान, आणि आधी येतात पोरं. अर्ज एकटीचा नको, दहा-पंधरा मुलींच्या सह्या हव्यात म्हणजे एकीवर राग निघत नाही. प्राचार्यांना अर्ज, प्रत जिमखाना समितीला. काहीच झालं नाही तर तालुका क्रीडा अधिकारी आणि जिल्हा क्रीडा अधिकारी. कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकारात जिमखाना फंडाचा खर्च मागता येतो, दहा रुपयाचं तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ते हत्यार शेवटी. आधी काढलं की सगळे सावध होतात आणि मग साधी शिट्टी पण रजिस्टरवर सही करून मिळते.

वडिलांना म्हणावं वाकडं घ्यायचं नाहीच आहे, फक्त वेळ विचारायची आहे.

स्पष्टवक्ता_अमळनेर

राग आला तरी चालेल पण मी स्पष्ट बोलतो. आमच्याकडे मुलींसाठी मैदानाचा वेगळा वेळ ठेवला होता, दोन दिवस आल्या, तिसऱ्या दिवसापासून कोणी नाही. मग काय मैदान रिकामं ठेवायचं का? पोरं रोज येतात, उन्हात येतात, पावसात येतात, त्यांनी काय पाप केलं. आणि निम्म्या मुली ग्रेस मार्कांसाठी नाव देतात हे इथं सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही एवढंच.

बरं समानताच हवी तर मग पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० का? तिथं कोणी म्हणत नाही आम्हाला पण १६०० द्या. नोकरीत तीस टक्के महिला आरक्षण, वरून खेळाडूंचं पाच टक्के. सवलत घेताना वेगळं आणि मैदान मागताना सारखं, हे काही जमत नाही बुवा.

मास्तर, तुमचा आदर आहे, पण जिलबीचं उदाहरण भावनिक आहे.

खो_खो_वाली_शहादा

दादा, दोन दिवस आल्या आणि तिसऱ्या दिवसापासून नाही, ठीक आहे, पण तिसऱ्या दिवशी काय झालं ते कोणी विचारलं का त्यांना?

मी सांगते काय झालं असेल. बस गेली असेल. मी शहाद्याकडची, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कॉलेजात असताना खो-खो खेळले विद्यापीठाच्या टीमपर्यंत. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत, आणि सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची बस पण मुलींसाठीच सोडतात, चांगली गोष्ट आहे, त्याच्यामुळेच आमच्या भागातल्या कितीतरी पोरी आठवीच्या पुढे शिकल्या. पण ती गाडी शाळा सुटायच्या वेळेला लागते. प्रॅक्टिसला थांबलं की गाडी गेली. मग काळीपिवळी, ती भरेपर्यंत अंधार, भाडं वेगळं, आणि घरी गेल्यावर "कुठं होती". दोन दिवस आईने सांभाळून घेतलं असेल, तिसऱ्या दिवशी बापाने विचारलं असेल. पोराला कोणी विचारत नाही, तो मित्राच्या गाडीवर तिबल सीट येतो.

दुसरं, कापूस. स्पर्धा कधी असतात? पावसाळा संपता संपता ते दिवाळीच्या पुढे. वेचणी कधी असते? त्याच दिवसांत. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग घरातली पोरगी कॉलेज बुडवून वेचायला. आमच्या टीमची सर्वात चांगली चेझर अशीच जिल्हा स्पर्धेला आली नाही, शेतात होती. पोरगा पण कामाला जातो, नाही असं नाही, पण त्याची मॅच असली की त्या दिवशी त्याला सुट्टी मिळते. आणि वरच्या पट्ट्यात, धडगाव अक्कलकुवा तळोदा, दिवाळीनंतर माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, तेव्हा लहान भावंडं सांभाळायला मोठी पोरगीच बरोबर जाते.

आता उलटी गोष्ट बघा. आश्रमशाळेच्या पोरी तिथंच राहतात, ना बसचं टेन्शन ना अंधाराचं. सकाळ-संध्याकाळ मैदानावर. आणि स्पर्धेत बघा कोण पुढे असतं पळण्यात. माझं तरी बघणं असं की लांबच्या शर्यतीत आमच्या गावातल्या चांगल्या बूटवाल्या पोरींना त्या अनवाणी मागे टाकतात. आवड नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आश्रमशाळांच्या प्रकल्प स्तरावरच्या स्पर्धा बघून याव्यात.

अजून एक, लिहावं की नाही विचार करत होते पण लिहितेच. स्पर्धेच्या मैदानावर मुलींचं टॉयलेट नसतं, असलं तर कुलूप नाहीतर पाणी नाही. म्हणून पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात, पाणी न पिता, दुपारी १५०० पळायचं. मग एखादी चक्कर येऊन पडते आणि सगळे म्हणतात "मुलींना झेपत नाही". पाळी आली असेल तर अजून वेगळं, सरांना सांगायची सोय नाही, "पोट दुखतंय" एवढंच सांगायचं आणि मग त्यांनी समजायचं की ही नाटक करते.

ग्रेस मार्कांचं म्हणाल तर पोरं काय घेत नाहीत का? मार्काच्या लालसेने का होईना पोरगी मैदानावर आली तर येऊ द्या की.

तापीकाठचा भाऊ, बहिणीला विचार तिची शेवटची बस किती वाजता आहे. मास्तरांचं वेळापत्रकाचं बरोबर आहे पण संध्याकाळी पाच ते सहा मागून घेतलं तर ते अमळनेरच्या दादांसारखंच होईल, मैदान मिळेल आणि पोरी नसतील. कॉलेजच्या वेळेतच मागायचं, शेवटचे तास.

चाळीसगाव_ते_जर्सी

मूळ चाळीसगावचा, सध्या मुक्काम न्यू जर्सी. अमेरिकेतल्या कायद्याचं विचारलं होतं म्हणून लिहितो, माझ्या मुलीच्या शाळेच्या निमित्ताने मला हे वाचावं लागलं.

त्या कायद्याला टायटल नाइन म्हणतात, १९७२ चा. मजा म्हणजे मूळ वाक्य इंग्रजीत फक्त ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळाचं नावच नाही. अर्थ एवढाच की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणाच्या कार्यक्रमात स्त्री-पुरुष म्हणून भेद करता येणार नाही. कायदा आणणाऱ्यांच्या डोक्यात प्रवेश, नोकऱ्या हे जास्त होतं. खेळ नंतर त्यात आला आणि भांडणं सगळी तिथंच झाली. १९७५ मध्ये नियम आले, त्यात बारीकसारीक यादी आहे, साहित्य, प्रवास, कोच, कपडे बदलायची खोली, आणि मॅच व प्रॅक्टिसची वेळ. तापीकाठचा भाऊ, तुझ्या बहिणीची जी तक्रार आहे ती तिकडच्या नियमात जवळजवळ तशीच लिहिलेली आहे.

फरक किती पडला? १९७१-७२ ला तिकडच्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखाच्या आत होत्या, मुलं साडेछत्तीस लाखाच्या वर. २०१८-१९ पर्यंत मुली चौतीस लाख झाल्या. मुलं अजूनही जास्तच आहेत, पण तेव्हा तिथंही लोक हेच म्हणत होते की मुलींना आवड नसते, मग एवढ्या तीस लाख आवडी आल्या कुठून?

शहाद्याच्या ताईंनी कपडे बदलायचं आणि टॉयलेटचं लिहिलं त्यावरून आठवलं. येल म्हणजे केवढं नावाचं विद्यापीठ, तिथल्या होडी वल्हवणाऱ्या मुलींना १९७६ पर्यंत नदीवर अंघोळीची सोय नव्हती. पोरं गरम पाण्याने अंघोळ करायची आणि मुली भिजलेल्या कपड्यात थंडीत बसमध्ये त्यांची वाट बघत बसायच्या. शेवटी १९ जणी खेळाच्या डायरेक्टर बाईंच्या ऑफिसात गेल्या, कपडे उतरवले, अंगावर कायद्याचं नाव रंगवलेलं, आणि निवेदन वाचून दाखवलं. पेपरला बातमी आली आणि मग सोय झाली. आपल्याकडे हे करा असं मी म्हणत नाही, गैरसमज नको.

आणि स्पष्टवक्ते साहेबांसाठी ब्राऊन विद्यापीठाची केस. १९९१ ला पैसे नाहीत म्हणून त्यांनी मुलांचे दोन आणि मुलींचे दोन खेळ खाली उतरवले, म्हणजे वरवर बघता अगदी समान. तरी मुली कोर्टात गेल्या आणि जिंकल्या, कारण मुळातच मुलींना जागा कमी होत्या, त्यातून दोन कापणं आणि भरल्या ताटातून दोन कापणं सारखं नाही. विद्यापीठ म्हणालं मुलींना आवडच कमी आहे. १९९६ ला अपील कोर्टाने जे सांगितलं त्याचा मतलब असा की आवड हवेत तयार होत नाही, संधी आणि अनुभव मिळाला की तयार होते.

सगळं गोड आहे असं नाही. कायद्याच्या आधी मुलींच्या टीमच्या कोच दहात नऊ बायकाच असायच्या, पैसा यायला लागल्यावर त्या जागा पुरुषांनी घेतल्या, आता निम्म्याही बायका नाहीत.

आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या मैदानासाठी असा वेगळा कायदा नाही. राज्यघटनेचं कलम १५ आहे, पण त्याच्यावर संध्याकाळच्या ट्रॅकसाठी कोण कोर्टात जाणार. २०२५ ला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्यात कार्यकारिणीवर किमान चार महिला पाहिजेत वगैरे आहे, पण ते फेडरेशनसाठी. तालुक्याच्या कॉलेजात तो काही येऊन शिट्टी वाजवणार नाही.

स्पष्टवक्ता_अमळनेर

जर्सीवाले भाऊ, त्याच कायद्यामुळे तिकडे कॉलेजांनी मुलांच्या कुस्तीच्या टीम बंद केल्या हे का नाही लिहिलं? मी पण वाचतो थोडंफार. आपल्याकडे तालमी अशाच ओस पडल्या आहेत, अजून तेवढं बाकी राहिलं.

बसचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण ८०० आणि १६०० चं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

चाळीसगाव_ते_जर्सी

कुस्तीचं खरं आहे, टीम बंद झाल्या. कुस्तीवाले कोच २००२ मध्ये सरकारविरुद्ध कोर्टात पण गेले, हरले. पण तिथल्या मोठ्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या एका टीमला ८५ स्कॉलरशिपा द्यायचे, त्याला हात लावायचा नाही आणि कुस्ती बंद करून बोट मुलींकडे दाखवायचं, असं होतं ते. कापणारा हात कोणाचा ते बघा.

खो_खो_वाली_शहादा

८०० चं उत्तर मी देते. ८०० मुलींनी मागितलं नव्हतं, दिलेलं आहे, आणि ते कुठून आलं त्याला इतिहास आहे. १९२८ च्या ऑलिम्पिकला, ॲम्स्टरडॅमला, बायकांची ८०० मीटर पहिल्यांदा झाली. रेस संपल्यावर काही जणी दमून मैदानावर आडव्या झाल्या, पुरुष पण होतात, पण पेपरवाल्यांनी बोंब मारली की बायकांना हे झेपत नाही. रेसच बंद. पुन्हा सुरू झाली थेट १९६० ला, रोमला. बायकांची मॅरेथॉन १९८४ ला आली. पी. टी. उषाचं मेडल सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं ती ४०० मीटर हर्डल्स पण बायकांसाठी त्याच १९८४ ला पहिल्यांदा होती. आपल्या साताऱ्याची ललिता बाबर २०१६ ला रिओला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळाली, दहावी आली, ती शर्यत पुरुषांना १९२० पासून आणि बायकांना २००८ पासून. शर्यतच नसती तर ललिता कुठं पळाली असती, तिच्या मोही गावच्या माळावर?

आणि कविता राऊत बघा, आपल्या नाशिक विभागातलीच, सावरपाड्याची. २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरला ब्राँझ. दहा हजार! त्यामुळे भरतीत उद्या मुलींना १६०० केलं तरी मी हरकत घेणार नाही, फक्त त्याच्या आधी वर्षभर पळायला जागा द्या.

२०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, मुलं मुली दोन्ही आपलेच जिंकले, मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० ने हरवलं, कॅप्टन आपली प्रियंका इंगळे. आमच्या शाळेतल्या पोरींना मोबाईलवर दाखवली मॅच, दुसऱ्या दिवशी चौथीच्या पोरींनी माझ्याकडे खांब मागितले. पोलच नाहीत शाळेत. सुताराला सांगितलंय.

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार. बहिणीला लिंक पाठवली होती, ती आता माझ्याच अकाउंटवरून लिहिते म्हणतेय. खाली तिचं.

नमस्कार. दादाने सगळं बरोबर लिहिलंय पण एक सांगायचं राहिलं की मला सरांबद्दल तक्रार करायची नाही. सरांनीच मला आठवीत पळताना बघून नाव दिलं होतं. माझी तक्रार मैदानाची आहे.

शेवटची बस सव्वापाचला आहे. ताई म्हणतात ते एकदम खरं आहे, आम्ही पाच-सहा जणी थांबायला तयार आहोत पण बसमुळे नाही जमत. आमचा शेवटचा तास पावणेचारला संपतो. म्हणजे पावणेचार ते पावणेपाच मैदान मिळालं तरी बास झालं, रोज नको, तीन दिवस चालेल, बाकी दिवस पोरांनी खेळावं. आणि त्या वेळेत ट्रॅकच्या आत क्रिकेट नको, एवढंच. मागच्या महिन्यात बॉल लागला होता पाठीवर, घरी सांगितलं नाही कारण मग पप्पांनी मैदानच बंद केलं असतं. दादा आता वाचेल, वाचू दे.

पप्पांचं असं आहे की ते विरोध करत नाहीत, पण नातेवाईक आले की माझी मेडलं कपाटात ठेवतात, म्हणतात उगाच कोणी विचारेल पोरगी अजून चड्डी घालून पळते का. ट्रॅकपँट घालून पळते हो मी. उकडतं.

सह्या किती गोळा होतील माहीत नाही. कोणाच्या नावाने अर्ज लिहायचा ते मास्तर सांगतील का? आणि स्पाइक्स घ्यायचे आहेत, सेकंडहँड चालतील, साडेपाच नंबर, कोणाकडे असतील तर दादाला मेसेज करा.

रिटायर_पीटी_मास्तर

शाब्बास आंडेर, म्हणजे पोरी. पावणेचार ते पावणेपाच, यालाच म्हणतात मागणी. इतकी नेमकी मागणी नाकारायला प्राचार्यांना पण कारण शोधावं लागेल.

असा लिही:

प्रति, मा. प्राचार्य. विषय: मुलींच्या सरावासाठी मैदानाची वेळ ठरवून मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली सह्या करणाऱ्या विद्यार्थिनी मैदानी स्पर्धा आणि खो-खो या खेळांत भाग घेतो. आमच्या परतीच्या बसची वेळ सव्वापाच असल्याने सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी दुपारी ३.४५ ते ४.४५ या वेळेत मैदान मुलींच्या सरावासाठी राखून ठेवावे व तसे वेळापत्रक सूचना फलकावर लावावे, ही विनंती. या वेळेत एक शिक्षिका मैदानावर उपस्थित राहिल्यास आम्हाला सोयीचे होईल. आम्ही इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच जिमखाना शुल्क भरलेले आहे.

फीचं वाक्य शेवटी आणि एकच. त्याच्यावर अजून काही लिहायचं नाही, त्यांना कळतं. आणि अर्ज आधी सरांना दाखव, त्यांना वाटायला नको की डोक्यावरून गेली. बॉल लागल्याचं अर्जात नको, तोंडी सांग, पण सांग.

खो_खो_वाली_शहादा

सह्यांसाठी खो-खोच्या सगळ्या पोरींना घे, पळणाऱ्या तुम्ही पाच-सहाच आहात, त्यांची टीमच बारा-पंधराची होते. हॉस्टेलच्या मुली असतील तर त्या पण, त्यांना बसचं काही नाही त्यामुळे त्या रोज दिसतील मैदानावर, मग कोणी रिकामं मैदान म्हणू शकणार नाही.

अर्जाच्या दोन प्रती ने, ऑफिसात आवक नंबर आणि शिक्का मारून एक आपल्याकडे ठेव. क्लार्क म्हणेल ठेवून जा, मी देतो साहेबांना. ठेवून यायचं नाही.

स्पष्टवक्ता_अमळनेर

माझ्या पुतणीचे स्पाइक्स आहेत, एकच सीझन वापरलेले, नंबर सहा. अर्धा नंबर मोठा पडेल, जाड मोजा घातला तर चालून जाईल. पैसे नकोत. तापीकाठचा, मेसेज केलाय बघ.